कुजणारं जाळं कोण घेणार?

श्रावणातलं मोठं उधाण ओसरलं की आमच्या खाडीच्या तोंडाशी कचऱ्याचा एक लांबच लांब पट्टा पडतो. सुट्या चपला, औषधाच्या बाटल्या, बंदी असलेल्या गुटख्याच्या पुड्या, नायलॉनच्या जाळ्यांचे गुंते आणि या सगळ्यात बिचारी दोन-चार नारळाची सोडणं. गेल्या पावसाळ्यात त्यात जाळं तरंगत ठेवणारा थर्माकोलचा एक बोया सापडला. वरून पांढरा, खालून शेवाळलेला, आणि शेवाळलेल्या बाजूला पेन्सिल आत जाईल एवढी गोल भोकं. गुडघ्यावर आपटून मोडला तर दाणे भातासारखे वाळूत सांडले. एका भोकातून वाटाण्याएवढा राखाडी जीव बाहेर पडला. पाठीवर आडवे पट्टे, खाली पायांची दाटी. तळहातावर घेतला तर अंग मुडपून गोळी होऊन बसला.

जवळच रापणीची होडी उपडी घालून आबा तिच्या फटी बुजवत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "बघलंस गो बाय? आता दर्यातले किडेपण थर्माकोल खाऊक लागले. तुमचो कचऱ्याचो प्रश्न सुटलो."

आबा थट्टा करत होते. पण हेच वाक्य थट्टा न करता बोलणारी माणसं मला त्यानंतर बरीच भेटली. समुद्रातले प्राणी जैवविघटनशील, म्हणजे जिवाणू कुजवू शकतील असं, प्लास्टिक तोडू शकतात का, यावर संशोधन चालू आहे. त्याची बातमी फोनवर फिरत फिरत आमच्यापर्यंत येते तेव्हा तिच्यातला 'का' गळून पडलेला असतो आणि 'जैवविघटनशील'ही. उरतं ते एवढंच की समुद्रातले प्राणी प्लास्टिक खातात. मग किनाऱ्यावरच्या खानावळीचा मालक मला निश्चिंतपणे सांगतो की आता आम्ही सगळं 'बायो'वालंच आणतो, समुद्रात गेलं तरी मासेच खाऊन टाकतात. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे असं काही कानावर आलं की मला गप्प बसवत नाही.

तर आधी तो बोया. भोक पाडणारा जीव बहुधा समुद्री आयसोपॉड होता, म्हणजे खेकडे-कोळंबीच्या लांबच्या भाऊबंदांपैकी. यातल्या काही जाती खारफुटीच्या आणि धक्क्यांच्या लाकडात बीळ करून राहतात. लाकडासारखं मऊ दुसरं काही मिळालं तर तेही पोखरतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर धक्क्यांखालच्या थर्माकोलच्या तरंगत्या ठोकळ्यांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले. या प्राण्यांनी ठोकळ्यांची चाळण केली होती आणि त्यातून प्लास्टिकचे बारीक कण ढिगांनी पाण्यात चालले होते. प्राण्याला थर्माकोल पचत नव्हता, त्याला फक्त घर हवं होतं. सुताराच्या पायाशी भुसा पडतो म्हणून सुतार लाकूड खातो असं आपण म्हणत नाही.

याच प्रकारची आणखी दोन उदाहरणं आहेत. किनाऱ्यावर कुजक्या शेवाळाखाली उड्या मारणारे सँडहॉपर असतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्यापुढे पिशवीचं प्लास्टिक ठेवलं. त्यांनी ते कुरतडलं, आणि हिशेब असा निघाला की एका पिशवीचे अशा रीतीने सुमारे साडेसतरा लाख तुकडे होऊ शकतात. अंटार्क्टिकातल्या क्रिल नावाच्या इवल्या, कोळंबीसारख्या जीवावरचं संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं. पॉलिथिनचे बारीक मणी क्रिलने गिळले आणि पोटातल्या चक्कीत दळून एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, बारीक करून बाहेर टाकले. पिशवी निदान हाताने उचलता येते. हे पीठ कोण आणि कशाने गोळा करणार? दळणं आणि पचवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. जात्यात ज्वारी घातली म्हणून जात्याचं पोट भरत नाही.

आता संशोधनाच्या खऱ्या भागाकडे येते, कारण तो फार सुंदर आहे आणि बातमीत नेमका तोच हरवतो.

कोकणात जून उजाडायच्या आधी घरोघरी आगोटीची बेगमी होते. सुका जवळा, खारवलेले बांगडे, कुळीथ, आमसुलं, लोणचं. पावसात दर्या बंद, वाट बंद, म्हणून पोटापुरतं डब्यात भरून ठेवायचं. जिवाणूही हेच करतात. भोवती कार्बनयुक्त अन्न भरपूर आहे, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडल्यामुळे वाढता येत नाही, अशा वेळी अनेक जिवाणू जादा अन्नाचे दाणे बनवून पेशीत साठवतात. हे दाणे म्हणजे पॉलिहायड्रॉक्सिअल्कनोएट, थोडक्यात पीएचए. मॉरिस लमोआन्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने या कुळातला पहिला पदार्थ १९२६च्या सुमारास जिवाणूंमध्ये ओळखला. काही जिवाणूंत तर पाणी वगळून उरलेल्या वजनातला ऐंशी टक्क्यांपर्यंतचा भाग ही बेगमीच असते. गंमत अशी की पेशीतून काढून वितळवली की ती प्लास्टिकसारखी साच्यात ओतता येते. १९९०च्या सुमारास जर्मनीत शाम्पूची बाटली या पदार्थाची निघाली होती. महाग पडली, म्हणून मागे राहिली. आजही हा माल साध्या प्लास्टिकच्या काही पट किमतीचा असतो.

जिथे बेगमी तिथे ती लुटणारा येणारच. माळ्यावर सुकट ठेवली की मांजराला पत्ता सांगावा लागत नाही. पीएचए निसर्गात कोट्यवधी वर्षं आहे, त्यामुळे ते तोडणारी एन्झाइमं बाळगणारे जिवाणू आणि बुरशाही जमिनीत, चिखलात आणि समुद्रात सगळीकडे आहेत. प्राण्यांचा प्रश्न येतो तो इथे. चिखल गिळून जगणारे समुद्री किडे, समुद्रकाकड्या आणि पाणी गाळून खाणाऱ्या तिसऱ्या-कालवं यांच्या पोटात रोज असंख्य जिवाणू जातात, म्हणजे त्यांच्या बेगमीसकट जातात. भूमध्य समुद्रातल्या एल्बा बेटाजवळच्या वाळूत ओलॅव्हियस नावाचा एक बारीक किडा राहतो. त्याला तोंड नाही, आतडं नाही. त्याच्या कातडीखाली जिवाणूंची वस्ती आहे, ते त्याला पोसतात आणि तो त्यांनाच पचवून जगतो. त्या जिवाणूंमध्येही पीएचएचे दाणे असतात. ज्याचं अख्खं जेवण दुसऱ्याच्या डब्यात आहे, त्याच्याकडे तो डबा उघडायची किल्ली स्वतःची असेल का, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. प्राण्यांवरच्या या शोधामागचं खरं कुतूहल ते आहे, खानावळीतल्या पिशवीची विल्हेवाट हा त्यातला फार दूरचा प्रश्न.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. समुद्राला जे पचतं, ते समुद्राच्या ओळखीचं असतं. पीएचए त्याच्या स्वयंपाकघरातलं आहे. आपल्या किनाऱ्यावर पडलेल्या मालापैकी जवळजवळ काहीच त्या स्वयंपाकघरातलं नाही. नायलॉन, थर्माकोल, पॉलिथिन, पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी, वेफर्सच्या पुड्यांचा चंदेरी पापुद्रा, यातल्या एकाचंही नाव तिथल्या जिवाणूच्या वंशावळीत सापडणार नाही.

आणि ओळखीचा पदार्थ असला तरी पचायला वेळ लागतोच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तोवरच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून २०१९ साली अंदाज मांडला, की पीएचएची पाण्याची बाटली समुद्रात पूर्ण संपायला साधारण दीड ते साडेतीन वर्षं लागतील. साध्या प्लास्टिकच्या मानाने हे काहीच नाही, मान्य. पण वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाला गळ्यात अडकलेल्या पिशवीसाठी तेवढं थांबायला कोण सांगणार?

'बायो' या दोन अक्षरांखाली काय काय खपतं, तेही बघायला हवं. बाजारात 'कंपोस्टेबल' म्हणून मिळणाऱ्या वस्तूंत पीएलए हा पदार्थ फार असतो. तो मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनतो, म्हणून पुडक्यावर हिरवं पान काढलेलं असतं. पण पीएलए नीट तुटायला कारखान्यातल्या खतखड्ड्याची गरमी लागते. आपल्याकडचं कंपोस्टेबल प्लास्टिकचं प्रमाणपत्र ज्या आयएस १७०८८ या भारतीय मानकावर मिळतं, त्यातली मूळ चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअसला होते. तिथे १८० दिवसांत ९० टक्के विघटन दाखवावं लागतं. आमचा दर्या वैशाखात तापला तरी तिशीच्या आसपास असतो. ५८ अंशाला पोहोचला तर प्लास्टिकचं सोडा, बांगडेच उकडून वर येतील. जपानी संशोधकांनी जैवविघटनशील प्लास्टिकचे नमुने साडेसातशे मीटरपासून साडेपाच हजार मीटरपर्यंतच्या खोल तळांवर नेऊन ठेवले होते, त्याचा निष्कर्ष २०२४मध्ये आला. पीएचए आणि आणखी काही प्रकार तिथल्या गारठ्यातही हळूहळू तुटले. पीएलए जसंच्या तसं राहिलं.

प्लिमथमध्येच पिशव्यांचा आणखी एक साधा प्रयोग झाला. वेगवेगळ्या प्रकारच्या पिशव्या मातीत पुरल्या, समुद्रात बुडवल्या, उघड्यावर टांगल्या आणि तीन वर्षं वाट पाहिली. निकाल २०१९मध्ये आला. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी तीन वर्षांनी माती आणि समुद्र दोन्हींतून बाहेर काढली, तर तिच्यात वाणसामान भरून घरी नेता आलं! कंपोस्टेबल पिशवी समुद्रातून तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत सत्तावीस महिन्यांनीही होती. एकाच नावाच्या मालाचे जागेगणिक असे दोन स्वभाव. आणि 'हे कुठे कुजतं' असं विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही.

महाराष्ट्राने २०१८च्या मार्चमध्ये प्लास्टिक-थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ला आली. पिशवीची किमान जाडी आधी ७५, मग १२० मायक्रॉन झाली. कंपोस्टेबल पिशवीला मात्र ही जाडीची अट नाही, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र पुरतं. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण ती पिशवी तुटावी म्हणून जो तापलेला खतखड्डा लागतो, तो आमच्या तालुक्यात मी तरी पाहिलेला नाही. मग ती पिशवी जाते कुठे? वहाळात. वहाळातून नदीत, आणि सह्याद्रीतून निघणाऱ्या आमच्या नद्या आखूड आणि उतावळ्या, सकाळी घाटात पडलेला कागद संध्याकाळी खाडीत. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ते ओसरल्यावर झाडांच्या फांद्यांवर आणि तारांवर लोंबणाऱ्या पिशव्या ज्यांनी बघितल्या, त्यांना प्लास्टिक दर्यात कसं जातं हे नकाशा काढून सांगावं लागत नाही.

खरं तर 'कुजणं' म्हणजे काय हे कोकणाला शिकवायची गरज नव्हती. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवायची, कुजली की बाहेर काढून झोडायची आणि काथ्या वेगळा करायचा, हा इथला जुना उद्योग. या कामाच्या वासाची आठवण ज्याच्या नाकात आहे, त्याला ठाऊक असतं की त्या चिखलात मऊ भुसा कुजतो आणि धागा टिकतो. एकाच फळाचा एक भाग जातो, दुसरा राहतो आणि त्याची दोरी होते, होडीला बांधायला. म्हणजे नैसर्गिक म्हटल्यावर लगेच कुजतं असंही नाही. किती वेळात, कुठल्या पाण्यात, कुठल्या चिखलात, हे प्रश्न आजोबांच्या पिढीला पडत होते. आपण पुडक्यावरचं हिरवं पान बघून समाधानी होतो.

तरीही मला कुजणारं प्लास्टिक हवं आहे. खानावळीत नको, दर्यात हवं.

हे नीट सांगते. जी वस्तू जमिनीवर वापरली जाते आणि उचलता येते, तिला कुजण्याचं आश्वासन देणं म्हणजे न उचलण्याची परवानगी देणं. पर्यटकाच्या हातातला पेला, मिठाईची पिशवी, निर्माल्याची थैली, यांना उत्तर म्हणून स्टीलचा पेला, कापडी पिशवी आणि वाडीत वेळेवर येणारी कचऱ्याची गाडी आहे. चतुर्थीला गणपतीवर जी माटवी बांधतो, तिच्यात कवंडाळं, सुपाऱ्या, आंब्याचे टाळे असतात. त्याला कुणाचं प्रमाणपत्र लागलं नाही. मात्र काही वस्तू अशा आहेत की त्या दर्यातच वापरायच्या आणि त्यातल्या काही दर्या ठेवून घेणारच, माणूस कितीही जपणारा असो. जाळं खडपाला अडकतं, वादळात तुटतं, मोठा ट्रॉलर रात्री त्यावरून जातो. हरवलेलं नायलॉनचं जाळं मासे पकडायचं थांबवत नाही. मालक घरी बसलेला असतो, ते खाली वर्षानुवर्षं मासे, कुर्ल्या, कासवं धरतच राहतं. कुजण्याचा गुण तिथे लागतो, आणि पीएचएसारख्या समुद्राच्या ओळखीच्या पदार्थावरचं संशोधन आमच्या कामाचं असेल तर तिथेच.

यात नवीन काही नाही. अलास्कात खेकड्यांच्या पिंजऱ्याची एक बाजू सुती दोऱ्याने शिवायची सक्ती आहे. पिंजरा हरवला तर दोरा कुजतो, बाजू सुटते, आतले खेकडे बाहेर पडतात. किती साधी गोष्ट! दक्षिण कोरियात कुजणाऱ्या प्लास्टिकची जाळी २००७पासून वापरात आहेत आणि त्यांच्या जादा किमतीचा भार सरकार अनुदानाने उचलतं. नॉर्वेत कॉड माशासाठी अशाच जाळ्यांच्या चाचण्या झाल्या. त्यांत नायलॉनपेक्षा कमी मासा लागला, आणि वापरागणिक जाळं कमजोर होत गेलं. ही अडचण मला लपवायची नाही, कारण सगळा वाद शेवटी तिथेच येऊन अडतो.

मी आबांना हे सगळं सांगितलं. होडीच्या सावलीत बसून त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या वडिलांच्या काळी जाळी सुताची आणि सणाच्या धाग्याची होती. रोज धुवायची, रोज वाळत घालायची, ठरावीक दिवसांनी झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायची, तरी कुजायचीच. पावसात चार दिवस ऊन नाही मिळालं की जाळं हातात तुकड्यांनी यायचं. नायलॉन आलं तेव्हा त्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला. वाळवणं नाही, उकळणं नाही. नायलॉनने कोकणातल्या मच्छीमाराचे अर्धे कष्ट उचलले, हे पर्यावरणावर बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी आधी मान्य करायला हवं.

"माझ्या बापाशीन जल्मभर कुसणाऱ्या जाळ्याक गाळी घातल्यान," आबा म्हणाले, "आणि तू माका ताच परत आणून देतंस?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कुणाकडेच चटकन असू नये. जुनं सुती जाळं वापरात असतानाच कुजायचं. नवं जाळं वापरात असेतो टिकावं आणि हरवल्यावर कुजावं, हे दोन्ही एकाच धाग्याकडून मागणं म्हणजे नोकराने मालकासमोर जागं राहावं आणि पाठ फिरताच झोपावं अशी अट घालणं. जिवाणूला जाळं हरवलंय की धरून ठेवलंय हे कळत नाही. त्यामुळे धाग्याचं आयुष्य मोजून ठरवावं लागेल आणि ते आमच्या पाण्यात मोजावं लागेल. कोरिया-नॉर्वेच्या थंड पाण्यातले आकडे इथे कामाचे नाहीत. उबदार पाण्यात जिवाणू उत्साही असतात, तिथे दोन वर्षं टिकणारं इथे त्याआधीच जाऊ शकतं. रत्नागिरीला शिरगावात १९८१पासून मत्स्य महाविद्यालय आहे, जाळ्यांवर काम करणारी केंद्राची मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था कोचीत आहे, दोना पावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे. वेगवेगळ्या कुजणाऱ्या धाग्यांच्या पट्ट्या मिऱ्या, देवगड, मालवणच्या पाण्यात टांगून दर महिन्याला त्यांची ताकद मोजायची, त्यांवर कोण चरायला येतं ते बघायचं, हे काम फार खर्चाचं नाही. बिनतोंडाच्या किड्यावर होणाऱ्या संशोधनाचा धागा असा इथल्या जाळ्यापर्यंत आणता येईल.

पण जाळं नवीन आणि मासा कमी, तर तोटा कुणाचा? पिशवीच्या कारखानदाराला सवलत मिळते, ग्राहकाला हिरवं पान मिळतं, हॉटेलवाल्याला निर्धास्तपणा मिळतो. दर्या स्वच्छ ठेवायचा खर्च मात्र जो सगळ्यात कमी कमावतो त्याच्या जाळ्यातून वसूल करायचा, असं होणार असेल तर मी आबांच्या बाजूने आहे. डिझेलच्या परताव्यासाठी सोसायट्यांच्या खेपा मारणाऱ्या माणसाला अनुदानाचा भरवसा दिला तर तो हसणारच.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मोडक्या बोयाचे दाणे वाळूत तसेच होते, वाऱ्याने थोडे पुढे सरकलेले. होडीचं काम संपत आलं होतं. आबांनी माझ्याकडे न बघताच विषय काढला.

"एक पट्टी लावतंय मी तुझ्या त्या जाळ्याची. मदल्या भागात लावतंय, बघूया. पण तिच्यातसून जो बांगडो सुटतलो, त्याचे पैशे कोण देतलो, ता आधी इचारून ये."